ढील

६ जुलै

प्रिय पहिलवान,

मायना लिहिण्यातच एक कागद फुकट गेला. 'चि. सौ.' लिहायला घेतलं, तर 'सौ.' आता चालायचं नाही. 'सूनबाई' म्हणायचा हक्क कोर्टाने काढून घेतला, आणि मुलाच्या आधीच्या बायकोला काय म्हणायचं याचा शब्दच आपल्या भाषेत कोणी करून ठेवलेला नाही. मग आठवलं, हे तुला पहिलवान म्हणायचे. लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता आणि तू भरलेला सिलिंडर एकटीने उचलून आत आणलास, मी ओरडले, आणि हे खुर्चीतून उठून टाळ्या वाजवायला लागले. ते नाव कोर्टाने काढलेलं नाही, म्हणून तेच लिहिते.

फोन का केला नाही, असं विचारशील. तुला फोन करणार नाही असा मुलाला शब्द दिलाय. पत्राबद्दल त्याने विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही. तुम्हा दोघांचं काय बिनसलं ते मला तेव्हा कळलं नाही, आता विचारणारही नाही. माझं काम वेगळं आहे.

मला एक वजन उचलायचं आहे. पलंगावरून उचलून शेजारच्या खुर्चीत ठेवायचं आणि परत पलंगावर आणायचं. माझ्या दीडपट तरी असेल. धरायला कडी नाही, मूठ नाही. त्याला मिशा आहेत आणि चहात साखर कमी पडली की ते कुरकुरतं.

कळलंच असेल तुला. मार्चमध्ये यांना झटका आला. उजवा हात जवळजवळ गेला, पाय अर्धामुर्धा आहे. वाचाही गेली. दोनच शब्द शाबूत राहिले, 'चहा' आणि एक शिवी. शिवी लिहीत नाही, तू ऐकलेली आहेस. बाकी सगळं डाव्या हाताच्या खुणांवर चालतं. गोदीत क्रेनवर बसून या माणसाने आयुष्यभर खाली उभ्या असलेल्याच्या खुणा वाचल्या. आता खुणा हे करतात आणि वाचायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. बोट वर म्हणजे उचल, मूठ म्हणजे थांब, तळहात जमिनीकडे करून हलवला म्हणजे खाली ठेव. एवढं मला जमायला लागलंय.

मुलगा म्हणतो, आई, हे तुझ्याने होणार नाही. तो कारखान्यात सुरक्षा अधिकारी, कुठे काय पडेल आणि कोण चिरडेल हे शोधण्याचाच त्याला पगार मिळतो. गावाबाहेरच्या एका केंद्रात त्याने यांच्यासाठी जागा बोलून ठेवली आहे. तिथे सगळं स्वच्छ आहे, चोवीस तास माणसं आहेत, खिडकीतून झाडं दिसतात. हे एकदा बघायला गेले, आणि परत येताना गाडीत दार घट्ट धरून बसले. मग मुलाशी भांडून मी एवढंच मिळवलं, की नोव्हेंबरात तो लांबच्या कामावरून परतेल तेव्हा मी एकटीने यांना पलंगावरून खुर्चीत घेऊन दाखवायचं. दाखवलं तर हे घरी राहतील, नाही तर केंद्रात. तोवर सकाळ-संध्याकाळ एक मदतनीस येतो.

तुझ्या त्या गोदामातल्या व्यायामशाळेत लोक लोखंड उचलतात. मला माणूस उचलायला शिकव. वय सहासष्ट, उंची तुला माहीत आहे. छापखान्यात जन्मभर बाइंडिंग केलं म्हणून पकड अजून आहे. गुडघे मात्र तिथेच ठेवून आले.

तुझी,
आई (दुसरं काय लिहू?)


२१ जुलै

प्रिय पहिलवान,

पाकीट जाड लागलं तेव्हाच मी खूश झाले. म्हटलं, पोरीने खास युक्ती पाठवली. आणि आत काय, तर 'आई, खुर्चीवर बसा आणि उठा.' अगं, मी जन्मापासून बसते-उठते आहे! रागाने पत्र बाजूला ठेवलं. चहा पिऊन झाल्यावर पुढचं वाचलं: 'हाताचा आधार न घेता, टाचा न उचलता, आणि बसताना धपकन न बसता.' करून पाहिलं. धपकन बसले. पलंगावरून यांनी ते पाहिलं आणि हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा हसले, तेही माझ्या फजितीला.

तू लिहितेस, 'आमच्याकडे वेगळं काहीच नसतं. माणूस दिवसभर बसतो, उठतो, वाकतो, उचलतो, ढकलतो, ओढतो, वाहून नेतो. तेच आम्ही नीट करायला शिकवतो.' मला वाटत होतं तुझ्या गोदामात आरसे असतील, दंड फुगवणारे पुरुष असतील. तू तर लोकांना जमिनीवरची बादली उचलायला शिकवतेस. यासाठी लोक लांबून येतात आणि दमून हसत घरी जातात, हे ऐकून मला तुझं कौतुक वाटलं. जे सगळ्यांना येतं असं सगळ्यांना वाटतं, ते शिकवायला छाती लागते.

तू सांगितलंस तसं आधी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी माझं हृदय तपासलं आणि हरकत नाही म्हणाले. फिजिओवाल्या बाईंनाही तुझं पत्र दाखवलं. त्या म्हणाल्या, ही मुलगी शहाणी आहे. मी म्हटलं, आमचीच आहे. बोलून गेले.

झाडूच्या दांड्याचं रोज करते. दांडा पाठीवर उभा धरायचा, डोकं, पाठ आणि माकडहाड तिन्ही टेकलेली ठेवायची आणि वाकायचं. पहिल्या दिवशी दांड्याचं आणि माझं काही जमेना. तेव्हा कळलं, की आजवर मी कंबर मोडूनच वाकत आले. वाकायचं कंबरेतून नसतं, खुब्यातून असतं. बूड मागे सरकतं, पाठ सरळ राहते आणि ओझं पायांकडे जातं. छापखान्यात कागदाचे गठ्ठे उचलताना कोणी एवढं सांगितलं असतं, तर आज हे गुडघे नाचले असते.

एक गोष्ट मागच्या पत्रात राहिली. राहिली म्हणजे मी ठेवली. एप्रिलमध्ये एका सकाळी मदतनीस आला नाही. मी म्हटलं, त्यात काय एवढं, आणि यांच्या काखेत हात घालून ओढलं. आम्ही दोघंही जमिनीवर. लागलं कोणालाच नाही, पण आता उठवायचं कसं? भिंतीला टेकून शेजारी शेजारी बसलो, बस चुकलेल्या माणसांसारखे. हे माझ्याकडे बघून शिवी देत होते. मी म्हटलं, मला कशाला देता, पलंगाला द्या. शेवटी वरच्या मजल्यावरचा सुतार हाक ऐकून आला आणि त्याने यांना उचललं. मी मुलाला सांगितलंच नसतं, पण सुताराने सांगितलं. केंद्राची गोष्ट तिथून निघाली. म्हणून 'आधी नीट, मग नियमित, आणि मगच जोरात' हे तुझं वाक्य मी स्वयंपाकघराच्या दारावर खडूने लिहून ठेवलंय. मी जोरापासून सुरुवात केली होती ना.

आई


९ ऑगस्ट

प्रिय पहिलवान,

मी धपकन बसत नाही! खुर्ची सोडून आता बुटक्या स्टुलावर बसते-उठते. बादली अर्धी भरून सुरू केली होती, आता काठोकाठ भरते. आणि तू जे वाहून न्यायचं सांगितलंस, त्यासाठी मी दोन पिशव्यांत जुने शब्दकोश भरलेत, छापखान्यातून आणलेले, मीच बांधलेले. त्या घेऊन जिना चढते-उतरते. पिशवीचे बंद तुटतील, पण माझी शिलाई उसवायची नाही. सुताराने विचारलं, काकू, कुठे निघालात? म्हटलं, कुठे नाही. तो बिचारा काळजीत पडला.

रोज तेच करू नका असं तू का म्हणतेस, ते आता कळलं. ओळखीचं काम दिसलं की शरीर निम्म्या मनाने करतं, आमच्या छापखान्यातल्या कारकुनासारखं. म्हणून एक दिवस पिशव्या, एक दिवस पलंग ढकलायचा, एक दिवस जमिनीवर आडवं होऊन हात न लावता उठायचं. हे शेवटचं अजून जमत नाही. एक हात लागतोच. तू लिहिलंस, 'लागू दे. ज्याचं जे माप, त्याचा तो व्यायाम.' आणि एक दिवस पूर्ण विश्रांती, तीही तू बजावलीस म्हणून. मी ऐकणारी नव्हते.

घाबरले मात्र एकदा, मधल्या कार्डात कळवलं होतं ना. जिना भरभर चढले तर धाप लागून डोळ्यांपुढे काजवे. वाटलं, आता यांच्या शेजारी माझाही पलंग पडणार. त्यावर तू जे लिहिलंस ते मी यांना वाचून दाखवलं: 'जोर म्हणजे माझा जोर नाही, तुमचा. इथे एक पंचविशीचा मुलगा आहे आणि एक सत्तरीच्या बाई आहेत. हातातलं वजन वेगळं, पण धाप दोघांची सारखीच. धाप लागली पाहिजे, काजवे दिसता कामा नयेत. आणि पाठ वाकली की त्या दिवसाचा हिशेब बंद.' हे नीट ऐकत होते. मग बोट वर करून दाखवलं. उचल. म्हणजे चालू ठेव.

तुझं गोदाम मी एकदाच पाहिलंय, आठवतं? तुमचं बिनसायच्या आधी. सगळे एकाच वेळी व्यायामाला लागले. सगळ्यांत आधी तुझं संपलं आणि तू घाम पुसत बसशील असं मला वाटलं. तू परत गेलीस. सगळ्यात मागे एक जाडसर माणूस अडकला होता, लाजेने लाल झालेला. त्याच्या शेजारी जाऊन तू त्याच्यासोबत पुन्हा पहिल्यापासून केलंस, त्याच्याच संथ गतीने. मग एकेक करून बाकीचेही त्याच्याभोवती येऊन ओरडायला लागले. सगळ्यांत शेवटी त्याचं पुरं झालं आणि आरडाओरडा असा झाला, जणू तो जिंकला. मी तेव्हा घरी येऊन यांना म्हटलं होतं, आपली सून राणी आहे. तुला सांगायचं राहून गेलं. आता सांगते.

आई


१५ सप्टेंबर

प्रिय पहिलवान,

उचललं.

आज सकाळी मदतनिसाला म्हटलं, तू नुसता दारात उभा राहा. यांच्या कंबरेला फिजिओवाल्या बाईंनी दिलेला पट्टा बांधला. पाय जवळ, गुडघे वाकलेले, बूड मागे, पाठ तुझ्या दांड्यासारखी. यांना छातीशी घेतलं, श्वास आत, आणि पायांनी जमीन ढकलली. वर आले! वळले, खुर्चीत ठेवलं. धपकन नाही, अलगद. मदतनीस म्हणाला, "काकू, माझी नोकरी घालवाल."

मी तुला काय सांगू! जन्मभर कोणी मला ताकदवान म्हटलं नाही. कामसू म्हणाले, सोशिक म्हणाले. आज आरशात पाहिलं, तर खांद्यावर काहीतरी आहे. दुपारभर घरात मिरवत होते.

आता सराव रोज आहे. पलंगावरून खुर्ची, खुर्चीतून पलंग. यांना काही म्हणून करावं लागत नाही. मी सांगून ठेवलंय, तुम्ही फक्त अंग सैल सोडा, बाकी मी बघते. तरी यांची एक भीती जात नाही. मी उचललं रे उचललं, की डावा तळहात जमिनीकडे करून हलवायला लागतात, खाली ठेव, खाली ठेव. उंच क्रेनवर ढगांशेजारी बसून डबा खाणारा माणूस, आणि बायकोने पलंगावरून वीतभर उचललं तर घाबरतो! मी म्हणते, घाबरू नका, पाडत नाही. मग हे शिवी देतात. एवढं सोडलं तर सगळं छान चाललंय.

नोव्हेंबर येऊ दे आता.

आई


२८ सप्टेंबर

तुझं पत्र मिळालं. 'आई, तुम्ही बाबांचा व्यायाम चोरताय.'

ज्या माणसासाठी मी या वयात जिने चढले, त्याची मी चोर? तुला इतक्या लांबून बरं दिसतं.

पत्राची वाट बघू नकोस.


१९ ऑक्टोबर

प्रिय पहिलवान,

तू वाट पाहिलीच असशील. मी असते तर मीही पाहिली असती.

राग होता, खोटं कशाला बोलू. तुझं ते पत्र मी स्वयंपाकघरात डब्यामागे ठेवलं आणि वीस वेळा काढून वाचलं. 'त्यांचा डावा पाय चांगला आहे. त्याला रोज काम न मिळाल्यामुळे तो रोज थोडा थोडा जातोय. तुम्ही बळकट होताय आणि ते तुमच्या हातांत हलके होण्याऐवजी जड होतायत, लक्षात आलंय का?' आलं होतं गं. सप्टेंबरअखेरीस हे मला जास्त जड लागायला लागले होते. मी समजत होते, माझीच ताकद कमी पडते आहे, आणि पिशव्यांत आणखी एक शब्दकोश टाकत होते.

मग गेल्या रविवारी यांचा जुना सोबती आला. गोदीत हा खाली उभा राहून खुणा करायचा आणि हे वरून क्रेन हलवायचे. तोंडात कायम शिट्टी, म्हणून सगळे त्याला शिट्टी म्हणतात. दात गेलेत, शिट्टी अजून खिशात आहे. झटक्यानंतर तो पहिल्यांदाच आला. मित्राला असं बघवणार नाही म्हणून टाळत होता, तसं तो स्वतःच म्हणाला. मला मिरवायची हौस. म्हटलं, "भाऊजी, बघा आता," आणि यांना उचललं.

यांचा तळहात सुरू झाला. जमिनीकडे, हलवतायत.

शिट्टी म्हणाला, "वहिनी, सोडा की त्याला!"

"अहो, सोडू कशी? तेच तर सांगतायत, खाली ठेव म्हणून. रोजचं आहे त्यांचं."

"कोण म्हणतं खाली ठेव?" तो उठूनच उभा राहिला. "खाली ठेवायची खूण ही." त्याने बोट जमिनीकडे रोखून गोल फिरवलं. "हा तळहात म्हणजे ढील. दोर ढिला सोड. माल जमिनीला लागला, आपल्या बुडावर उभा राहिला, की आम्ही खालून ही खूण करायचो. मग हा वरून दोर सोडायचा. नाही सोडला तर दोर मालाला उभंच राहू देत नाही, खेचत बसतो. वहिनी, तो ढील मागतोय तुमच्याकडे. केव्हापासून मागतोय?"

मी काय सांगणार, केव्हापासून? मी यांच्याकडे पाहिलं. यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि मान जोरजोरात हलत होती. पहिल्या दिवसापासून हा माणूस मला सांगत होता, की माझे पाय टेकलेत, मला जरा उभं राहू दे. आणि मी त्यालाच भित्रा म्हणत होते. मला इतकी लाज वाटली की मी आत जाऊन चहा टाकला आणि साखर दोनदा घातली.

तू न बघता जे लिहिलंस, तेच हे मला रोज समोर करून दाखवत होते. तुम्ही दोघं एकाच बाजूचे निघालात आणि मी मधेच ओझं धरून उभी. तुझं कौतुक वाटतं, आणि तुला मी काय लिहून बसले त्याने जीव खालीवर होतो. तू मनावर घेणारी नाहीस, हे माहीत असूनही होतो.

तर आता यांचाही व्यायाम सुरू झालाय, तुझ्याच नियमांनी. फिजिओवाल्या बाई येऊन सगळं बघून गेल्या, त्यांनी कुठे धोका आहे ते सांगितलं. सुताराने पलंगाच्या प्रत्येक पायाखाली दोन-दोन लाकडी ठोकळे बसवून पलंग उंच केलाय, म्हणजे यांना थोडंच उठावं लागतं. जमलं की एक ठोकळा काढायचा. ज्याचं जे माप. पाय मागे, नाक पायाच्या बोटांच्या पुढे, डाव्या हाताने पलंगाची कड ढकलायची. समोर शिट्टी उभा राहतो, खिशातली शिट्टी तोंडात घालून, आणि खुणा करतो. हे त्याच्याकडे असे बघतात, जसं पुन्हा कामावर रुजू झालेत. शेजारच्या मुली दारातून बघून हसतात. हसू देत.

माझं काम एवढंच, की यांच्या उजव्या गुडघ्याजवळ आपला गुडघा ठेवायचा, तो दुमडू नये म्हणून, आणि हात मागे घ्यायचे. पहिलवान, तू मला बादली उचलायला शिकवलंस, शब्दकोश वाहायला शिकवलंस, पण हे हात मागे घेणं काही केल्या होत नाही. यांची मांडी थरथरली की माझे हात आपोआप पुढे जातात. शिट्टी ओरडतो, "वहिनी, ढील!" मी पदराचं टोक दोन्ही मुठींत गच्च धरून ठेवते. काल हे पहिल्यांदा पूर्ण उभे राहिले, उंच पलंगावरून, पण उभे. उभे राहून पहिली शिवी शिट्टीला दिली. तो रडायला लागला.

नोव्हेंबर तोंडावर आलाय आणि ठोकळे अजून दोन राहिलेत. मी एकटीने उचलून दाखवलं तर मुलाची अट पुरी होते, ते मला आजही जमेल. पण तसं करून यांना घरी ठेवलं, तर मी यांना घरी ठेवलं म्हणायचं की नुसतं पलंगावर? तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. तरी लिही.

आई


८ नोव्हेंबर

प्रिय पहिलवान,

शेवटचा ठोकळा परवा निघाला. तोवर यांना दहापैकी सहा-सात वेळा जमत होतं. बाकीच्या वेळी अर्ध्यातून परत पलंगावर. तू लिहिलंस, 'पडले तर पलंगावर पडतील, ते पडणं नाही, तोही एक प्रयत्नच.' हे मी स्वतःला घोकून सांगत होते.

मुलगा आज सकाळी आला. बॅग ठेवायच्या आधी त्याची नजर फिरली. "ही चटई घसरेल." मी चटई उलटून खालचं रबर दाखवलं. "हे टेबल का हलवलंय?" म्हटलं, वाट मोकळी हवी म्हणून. कपाळावरची आठी काही गेली नाही. वाळलाय गं तो. मग पलंगाजवळ उभा राहून म्हणाला, "दाखव."

मी यांच्या कंबरेचा पट्टा घट्ट केला, चपला नीट घातल्या, उजव्या गुडघ्याजवळ माझा गुडघा लावला आणि हात मागे घेतले.

"तू धरणार नाहीस?"

"नाही."

"आई!"

हे उठायला लागले. नाक पुढे, हात पलंगाच्या कडेवर. अर्ध्यावर आले, मांडी लटपटली आणि मागे पलंगावर आले. मुलगा झेपावला. मी त्याचं मनगट धरलं. त्याने सोडवायचा प्रयत्न केला आणि त्याला सोडवता आलं नाही. त्याने माझ्या हाताकडे असं पाहिलं, जसं हा हात कोणाचा आहे ते त्याला कळेना.

"पडतायत ते!"

"पलंगावर पडतील. हात लावायचा नाही."

"आई, मी बाबांना असं बघू शकत नाही."

"मीही बघू शकत नव्हते. शिकले."

हे दम खात बसले होते. आमच्या दोघांकडे बघायलाही त्यांना फुरसत नव्हती. मग पुन्हा पाय मागे घेतले. वर आले, मांडी थरथरली, तशीच थरथरत राहिली, आणि हे उभे राहिले. थोडं थांबून वळले, छोटी छोटी पावलं टाकत, खुर्चीचा हात चाचपला आणि बसले. धपकन नाही.

मी मुलाचं मनगट सोडलं. त्यावर माझ्या बोटांचे वळ उठले होते. तो मनगट चोळत राहिला. मग म्हणाला, "पण तू उचललं नाहीस. आपलं ठरलं होतं, तू उचलायचं म्हणून. उद्या बाबांना नाही जमलं तर?"

मला राग आला. "उचलूनही दाखवते, हवं तर तुलाही उचलते. पण मला एक सांग, तुला बाबा घरी हवेत की माझी परीक्षा घ्यायची आहे?"

"मला तुम्ही दोघंही सलामत हवे आहात! रोज फोन वाजला की मला वाटतं..." त्याचं वाक्य पुरं झालं नाही. माझंही तोंड सुरूच होतं. काय काय बोललो आम्ही, सगळं लिहीत नाही. झटक्यापासूनचं साठलेलं दोघांचंही बाहेर पडलं.

मग मुलगा एकदम माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायला लागला. मी वळले. हे खुर्चीतून उठून उभे होते. कोणी सांगितलं नव्हतं. समोर शिट्टी नव्हता, गुडघ्याशी माझा गुडघा नव्हता, आमचं दोघांचं लक्षही नव्हतं. आम्ही यांचं काय करायचं ते ठरवत होतो, आणि हे उठून उभे राहिले होते, सकाळी अंघोळीला निघालेल्या माणसासारखे.

पलंगावर बसला तो मुलगाच. दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला. हे त्याच्याकडे गेले, दोनच पावलं, पण गेले, आणि डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. मी स्वयंपाकघरात निघून गेले. मला तिथे काही काम नव्हतं.

दुपारी त्याने केंद्रात फोन लावून जागा सोडतो म्हणून सांगितलं. मदतनीस सकाळचा राहू दे म्हणाला, मी कबूल केलं. न्हाणीघरात धरायला दांडे बसवून घेणार आहे, आणखी चार ठिकाणी त्याला धोका दिसला, तेही मी ऐकून घेतलं. हे सगळं कोणी शिकवलं, ते त्याने विचारलं नाही. स्वयंपाकघराच्या दारावरचं खडूने लिहिलेलं वाक्य मात्र त्याने वाचलं, बराच वेळ वाचलं. ते कोणाचं बोलणं आहे हे त्याला माझ्याहून जास्त माहीत असणार.

आत्ता निघाला. दारात बूट घालताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिला कळव. बाबा उभे राहिले म्हणून."

म्हणून कळवते आहे. बाबा उभे राहिले.

आई